एक लांब, एक छोटा

फळी भाड्यानं देणाऱ्या मारिसेलनं विचारलं,
याआधी कधी पाण्यावर गेलाय?
म्हटलं, एकतीस वर्षं पाण्याच्या वरच होतो.
तिला वाटलं, खलाशी असेन.
पूलवाला होतो.
त्या तिथे, मनोऱ्यात. कॉफीचा थर्मास, दुर्बीण
आणि एक दांडा. तो ओढला की
दोन्हीकडचा रस्ता आभाळाकडे तोंड करून उभा राहायचा
आणि सगळं सिएटल ब्रेकवर पाय ठेवून
मला शिव्या घालत बसायचं.

आता अडुसष्टाव्या वर्षी
साडेदहा फुटांची हवा भरलेली फळी,
हातात वल्हं, घोट्याला दोरी,
उधळणाऱ्या वासराला बांधतात तशी.
'लांब बघा,' मारिसेल धक्क्यावरून ओरडते,
'पायांकडे बघितलंत की पडलात.'

पडलो.
लेक युनियनचं पाणी जुलैतही
जुनी उधारी वसूल करावी तसं थंड.
तोंडात डिझेलची चव.
वर आलो तेव्हा एक बदक
तिकीट तपासनिसासारखं माझ्याकडे बघत होतं.

पुन्हा चढलो. आधी पोटावर, मग गुडघ्यांवर,
मग एक पाय, बऱ्याच वेळानं दुसरा.
पायाखालचं सरकतंय
ते सरकू द्यायचं, एवढंच शिकायला
अख्खा सोमवार गेला.

सरोवर कसलं, चौकच हा.
शिडाच्या होड्या, कयाक,
गरम पाण्याचा टब मोटार लावून फिरवणारं
लग्नाळू मित्रांचं टोळकं, डोक्यांवर वाफ.
तरंगत्या घरांच्या रांगेत एक बाई
टोमॅटोच्या रोपांना नळाचं पाणी घालतेय,
चार बोटांवर एवढं सरोवर असताना.
मग मधले पिवळे दिवे लुकलुकायला लागतात:
विमान येतंय, बाजूला व्हा.
पोट पाण्याला घासत ते उतरतं
आणि त्याच्या लाटा मागाहून, एकेक करून,
थकबाकीच्या नोटिशींसारख्या.

मी गुडघे टेकतो.
नोकरीत कुणापुढे टेकले नव्हते.
लाट खालून जाते, उठतो.
पुन्हा टेकतो.
एका सकाळीत अकरा वेळा.

आणि मग पुलाखाली आलो.
एकतीस वर्षांत खालून बघितलाच नव्हता.
गंज, कबुतरांची घाण, रिव्हेटच्या रांगा,
आणि कुण्या बोटवाल्यानं खांबावर रंगवलेली शिवी.
साल माझ्याच काळातलं.
बहुधा मलाच.
वरून बस गेली,
सगळं लोखंड दातांवर दात घासत कण्हलं.

डोक्यावर तीस फूट मोकळे.
माझी उंची पाच फूट सात.
तरी कमरेच्या पिशवीतून भोंगा काढला.
एक लांब, एक छोटा:
पूल उघडा, मला जायचंय.

मनोऱ्याची खिडकी सरकली.
देस्ता. सहा महिने माझ्या शेजारी बसून
दांडा ओढायला शिकलेली.
तिनं दुर्बीण लावली.
शीड नाही, डोलकाठी नाही,
ओल्या चड्डीतला एक म्हातारा.
पण हाकेला उत्तर द्यायचंच, हे मीच शिकवलेलं.

पाच छोटे.
उघडता येणार नाही. थांबा.

थांबलो.
इतकी वर्षं लोकांना थांबवलं,
तेवढं देणं लागत होतोच.
वल्हं आडवं धरून उभा राहिलो,
लांब बघत,
आणि पाणी मला हळूहळू
बंद पुलाखालून पलीकडे नेत होतं.