सूर, एक नग

लग्नाच्या यादीत माझ्या वाट्याला वाजंत्री आलं.
बत्तीस वर्षं लोकांच्या वह्या तपासल्यात,
दादा म्हणाला, कुमुद, तुला कोणी फसवणार नाही.

आधी गोत्री रोड. काचेचं ऑफिस, थंडगार.
डीजेचं नाव निसर्ग.
खरंच. आईबापांनी ठेवलेलं.
सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असे तीन भाव.
प्लॅटिनममध्ये धूर,
नवरीच्या पायाखाली उजेडाची फरशी,
आणि चार बेस. "आंटी, छातीमां वागशे."
मी म्हटलं, छातीत आधीच एक स्टेंट आहे.
हर्षल हसला नाही. केतकी हसली, आणि लग्न तिचं,
म्हणून गोल्डवर ठरलं. जीएसटी वेगळा.
दहाच्या ठोक्याला बंद, हे मी कागदावर लिहून घेतलं.

मग सनई. तो दादाचा हट्ट:
मुहूर्ताला सनईच, आणि पेनड्राइव्हमधली नको.
सूरसागराला वळसा घालून, मांडवीच्या अलीकडे,
घड्याळदुरुस्ती आणि फरसाण यांच्या मधल्या बोळात
बापूराव साळुंके. वरचा मजला, चपला खाली.

त्यांनी पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं:
सनई, एक. चार हजार.
चौघडा, एक. अडीच.
सूर, एक. पंधराशे.
रिक्षाभाडं आणि जेवण तुमच्याकडे.

माझी पेन्सिल तिसऱ्या ओळीवर थांबली.
सूर म्हणजे?
बापूरावांनी कोपऱ्याकडे हनुवटी वळवली.
हे अंबादास. माझे मेहुणे. सूर धरतात.
आणि?
धरतात.
म्हणजे एकच?
एकच.
पहिल्यापासून शेवटापर्यंत?
हो ताई. मधे सोडून कसं चालेल?

मी काट मारली. हाताची सवय.
काम डोळ्यांना न दिसणाऱ्या कितीतरी नोंदी अशा उडवल्यात,
पाणक्या, दुसरा शिपाई, रात्रीचा पहारेकरी.
कागदावर कोणी ओरडत नाही.

बापूराव वाद घालत बसले नाहीत.
पत्ती ओठांत ओली केली आणि वाजवू लागले, एकटेच.
छान होतं. मी म्हटलंही, छान आहे की!
फक्त ते वर गेले की मला दर वेळी वाटायचं,
आता हे उतरणार कुठे?
अंधारात जिना संपला समजून
पाऊल टाकावं आणि आणखी एक पायरी निघावी, तसं.

मग अंबादासांनी आपली सनई उचलली. गाल फुगले.
नाकानं श्वास आत, तोंडानं बाहेर, एकाच वेळी,
कसं, ते मी अजून कुणाला विचारलेलं नाही,
आणि त्या खोलीला जमीन आली.
ते स्वतः बघत होते खिडकीबाहेर,
समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांकडे.

काट पुसायला गेले तर पेन्सिलीला रबर नव्हतं.
खाली पुन्हा लिहिलं, स्वच्छ अक्षरात:
सूर, एक. पंधराशे.
शंभरसुद्धा कमी केले नाहीत. दादाला हे सांगितलेलं नाही.

लग्नात सगळ्यांचे मोबाइल बापूरावांकडे.
व्हिडिओच्या कडेला एक अर्धं कोपर दिसतं, ते अंबादासांचं.
रात्री निसर्गनं प्लॅटिनमचा धूर फुकट सोडला.
हर्षलच्या डोळ्यांत पाणी आलं, धुरामुळे म्हणाला.
मी दोन गाणी नाचले, स्टेंटसकट.

दहाला बंद. बंद म्हणजे बंद.
कान इतके मोकळे झाले की वाढप्याच्या चपला ऐकू येत होत्या.
शेवटच्या पंगतीत अंबादास पुरीचा तुकडा मोडत होते.
मी पाकीट पुढे केलं. मोजून घ्या.
त्यांनी न मोजता खिशात घातलं
आणि विचारलं, कसं झालं?

मला सनईतलं काय कळतं?
म्हटलं, ताळा जमला.

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले,
मग मठ्ठ्याची वाटी पुढे सरकवली, वाढप्याकडे.