जंतू आहेत, ताप नाही

रिपोर्ट आला की इत्सिआर मला फोन करते,
जसा शाळेतून पोराचा निकाल कळवावा.
मूत्रपिंड माझं होतं. डावं.
आता ते बेर्मेओच्या धक्क्यावर
तिच्या एप्रनखाली जाळी शिवत बसतं.

लघवीत पुन्हा जंतू.
मार्चमध्ये पुडी विरघळवून प्यायली,
मे महिन्यात सात दिवस गोळ्या,
जुलैत तेच परतले
गोळ्यांची नावं पाठ करून.

या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
जळजळ नाही, ताप नाही, क्रिएटिनिन जागच्या जागी.
राहू देत त्यांना. काही घ्यायचं नाही.

काहीच नाही? तिनं तीनदा विचारलं म्हणे.
गिळलेली गोळी उतरते खाली;
न दिलेली घशात अडकून बसते.

मी समुद्रात, ट्यूनाचे दिवस,
फोनमध्ये वारा जास्त, ती कमी.
म्हटलं, आमच्या होडीच्या तळालाही
चिकटलेत शिंपले, वीस वर्षं झाली,
खरवडायला जावं तर फळी सोलते.
"कोल्दो, तुझी होडी गळते,"
ती म्हणाली, आणि हसली का ते कळलं नाही.

रात्री थर्मामीटरचा फोटो आला.
छत्तीस पूर्णांक सहा.
मी दोनदा मोठा करून पाहिला,
मग वळलो
रिकाम्या कुशीवर.