सगळ्यांना आत घ्या

शनिवार. संध्याकाळचे सहा.
प्रयोगशाळेत मी एकटी.
लॅपटॉपखाली आठवीच्या भूगोलाचे चार गठ्ठे,
म्हणजे कॅमेरा खालून नाकात बघणार नाही.
मागे मुद्दाम सांगाड्याचं कपाट घेतलंय.
सांगाड्याला कुणीतरी स्नेहसंमेलनाचा फेटा बांधून ठेवलाय,
तो आता राहू दे.

दाराशी गर्दी झालीय, पण हे दार वाजत नाही,
नुसती नावं उगवत राहतात:
'आई', 'पप्पांचा फोन', 'खैरनार ट्रॅक्टर्स',
'आई' (ही दुसरी).
एकेकाला घेत बसले तर इथंच सात वाजतील.
मी 'सगळ्यांना आत घ्या' दाबते
आणि पडद्यावर उघडतात
बासष्ट घरं.

एवढ्या वर्षांत पालकसभेला
पहिल्या बाकावर अंग चोरून बसलेली ही माणसं,
आज आपापल्या घरात ऐसपैस.
सिडकोत कुकरची तिसरी शिट्टी.
आडगावच्या मळ्यात खाटेवर पाच जण, एक कुत्रा.
सातपूरहून अल्फियाचे अब्बा,
चहाच्या सुट्टीत, डोक्यावर हेल्मेट तसंच,
मागे लेथचा आवाज.
'आवाज बंद करा' असं मी म्हणते
आणि लगेच वाईट वाटतं.

कार्तिकी बोरस्ते पांडवलेण्याचा डोंगर धरते,
तिच्याच चेहऱ्याएवढा.
'बाई, माझं नाव उलटं दिसतंय!'
अगं, ते फक्त तुलाच उलटं दिसतं,
आम्हाला सरळ दिसतंय.
तिला पटत नाही. ती कागद फिरवते,
आता डोंगर डोक्यावर उभा.

मग तबला. सहा घरांतून सहा मुलं, एकच तीनताल,
आठवडाभर तालीम झालेली,
पण सम प्रत्येकाच्या घरी
आपल्या वेळेला आली.
गाडगीळ सर तरीही मान डोलावत होते,
बहुतेक त्यांचं चित्रच अडकलं होतं.

शेवटचा प्रयोग पुष्करचा, तांबट आळीतून.
आठ द्राक्षं ओळीनं,
प्रत्येकात एक जस्ताचा खिळा, एक तांब्याची पट्टी.
पट्ट्या आजोबांनी कात्रीनं कापून दिलेल्या,
हंड्याच्या काठाचं उरलेलं तांबं.
'एका द्राक्षानं दिवा लागत नाही,' तो घोकलेलं सांगतो,
'हातात हात धरायला लागतात.'

दिवा मोहरीएवढा. लाल.
कुणालाच दिसेना.
'घरातले लाइट घालवा ना, बाई, सगळ्यांना सांगा ना.'
मी सांगितलं. खरं तर त्याच्या एकट्याच्या घालवून भागलं असतं.
हे माझ्या लक्षात आलं तोवर
सिडको विझलं होतं,
इंदिरानगर, पंचवटी, मळ्यावरचा बल्ब,
एकामागून एक चौकट काळी.
अब्बांनी तर मोबाइल सरळ छातीशी धरला,
कारखाना थोडाच बंद करता येतो.
मीही उठून बटण दाबलं.
सांगाड्याचा फेटा तेवढा थोडा वेळ पांढरा राहिला.

'लागला!' पुष्कर ओरडला.
कुठूनतरी बाईचा आवाज, 'दिसला, दिसला!'
मग टाळ्या, तुटक,
पत्र्यावर वाटाणे पडावेत तशा.

मला दिसला नव्हता.
मी भौतिकशास्त्र शिकवते, खोटं बोलत नाही.
पण मीही वाजवल्या.

अहवालात काय लिहू?
उपस्थिती बासष्ट कुटुंबं, एक कुत्रा.

साडेसातला चौकटी मिटत गेल्या.
एक तशीच राहिली, बंद करायची विसरलेली.
पुष्करच्या घरचा लाइट परत लागला,
ताटं मांडल्याचा आवाज आला,
त्याची धाकटी बहीण टेबलापाशी आली,
हात पुढे केला,
आणि आतून आईचा आवाज,
'ती नको खाऊस गं,
त्यात खिळा होता.'

मी अजून मीटिंग संपवलेली नाही.