बिनविषाचे तीन दिवस

छावणीच्या धान्यमंडीत, सतरा नंबरच्या गोदामात
मी उंदरांना जेवू घालते.
पगार त्याचाच मिळतो.

आधीच्या औषधाला लसणासारखा वास यायचा.
एक खायचा, तडफडायचा,
बाकीचे पोत्यांच्या फटीतून बघायचे,
आणि मग महिनाभर
त्या कोपऱ्यात मिशीसुद्धा फिरकायची नाही.
बद्रीलाल हम्माल म्हणाला, "मॅडम,
ये इंदौर के चूहे हैं. ऐसा-वैसा नहीं खाते."

खरंच होतं त्याचं.
कंपनीची मेणाची निळी वडी
त्यांनी ढकलत नेऊन मोरीत टाकली.
मग मी बाजरी भरडली,
शेंगदाण्याचं तेल, थोडा गूळ,
शेवटी लवंगी शेवेचा चुरा, सियागंजातला, ताजा.
शिळ्याला त्यांनी तोंड लावलं नव्हतं.

पहिले तीन दिवस काहीच मिसळायचं नाही.
आधी सवय, मग मात्रा.
संध्याकाळी फरशीवर शंखजिऱ्याची भुकटी पसरायची,
सकाळी पावलं मोजायची.
पहिल्या रात्री चार.
दुसऱ्या रात्री इतकी, की मोजणं सोडलं.
तिसऱ्या सकाळी मोठ्या पावलांच्या कडेकडेनं
कण्यांएवढी पावलं.
पोरांना पंगतीला न्यावं
तसं कुणीतरी घेऊन आलं होतं.

नवं औषध पाचव्या दिवशी लागतं.
तोवर कशानं झालं ते कुणालाच कळत नाही,
शेवेवर आळ येत नाही.
औषध माझं नाही. शेव माझी.

माणसाच्या पोरांनी थुंकून टाकावं
म्हणून त्यात एक कडू घालतात.
ते नुसतं, नखाच्या टोकावर घेऊन बघितलं मी.
दिवसभर चहा कडू, आवंढा कडू,
रात्री आईनं फोनवर विचारलं, जेवलीस का,
तेही.
उंदरांना म्हणे ते जाणवत नाही.
म्हणे.

हल्ली कुणी आग्रह केला की मी आधी बघते,
वाढणाऱ्यानं स्वतःच्या पानात घेतलंय का.

चौथ्या दिवशी हातमोजे चढवले.
बद्रीलालनं न विचारताच फाटकं पोतं ओढून आणलं:
कुरतडलेली शिवण, गव्हात लेंड्या,
आणि तळाशी त्याच्या हजेरीच्या वहीचं
बारीक केलेलं घरटं.
"दो बोरी गई, इसी हफ्ते."
मी मिसळलं. नीट, सगळीकडे सारखं.

भुकटी तेवढी त्या संध्याकाळी पसरली नाही.
अहवालात तो रकाना कोरा आहे.