परतीची तार

फोन आला तेव्हा मी साखर पेठेत
एका यंत्रमागाच्या मोटारीचं पोट उघडून बसलो होतो.
बाई म्हणाल्या, "आमच्या लाँचचं नाक वळंना."
म्हणालो, "नाकाचे डॉक्टर वेगळे."
त्या हसल्या नाहीत.

जेऊरच्या पुढे, ढोकरीच्या काठावर
उजनीचं पाणी मार्चातच मागे सरलेलं,
जागोजागी चिखल टाकून.
लाँच गोव्याहून ट्रकवर आलेली, सेकंडहँड.
नाकाशी, पाण्याखाली, आडव्या नळीत
एक बुटका पंखा.
बो थ्रस्टर म्हणतात म्हणे त्याला.
मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.
तसं काही बोललो नाही.

मीनाक्षी मल्लाव सुकाणूवर उभ्या.
"पश्चिमेचं वारं सुटलं की धक्क्याला लागतच नाही हो.
कडेला बांबू लावून ढकलतो.
अकलूजचा मेकॅनिक म्हणला, मोटार गेली.
नवीन घ्या, एकोणऐंशी हजार."

उजवीकडे दाबलं : टक्. मग कण्हणं.
डावीकडे दाबलं : टक्. तेच कण्हणं.
दोन्हीकडे एकच रडगाणं,
म्हणजे दुखणं सामाईक.
सोलेनॉइड बिचारा टक् टक् करून
आपली हजेरी तरी लावत होता.

बॅटरीला मीटर लावला. बारा पॉइंट सात.
"बघा, बॅटरी चांगली हाय."
म्हणालो, बसलेल्या माणसाला विचारू नये
गुडघा दुखतो का. त्याला जिना चढायला लावा.
दाबा बटण. दोनच सेकंद.
बारा पॉइंट एक. बॅटरी खरंच बरी होती.

मग नाकाच्या कप्प्यात डोकं घातलं.
डिझेल, ओलं दोरखंड, चिलापीचा वास.
मोटारीवर मीटर : आठ पॉइंट दोन.
चार व्होल्ट वाटेत कुठेतरी उतरून गेलेले,
टेंभुर्णीला उतरणाऱ्या पाशिंजरांसारखे,
कंडक्टरला न सांगता.

फ्यूज तपासला. खटका तपासला.
सोलेनॉइड, लाल जाड वायर, सगळी तपासली.
दर वेळी वरून "दाबू का?" आणि खालून "दाबा."
सगळे मिळून पॉइंट चार.
सज्जन माणसं.

राहिली काळी.
तिला कोणी विचारत नाही.
ती काही आणत नाही, फक्त परत जाते.

एक टोक बॅटरीच्या मायनसला,
दुसरं मोटारीच्या मायनसला.
"दाबू का?"
"दाबा."
साडेतीन.

बोट लावलं तर टर्मिनल कोमट,
ताप उतरत आलेल्या पोराच्या कपाळासारखं.
वरची रबरी नळी कापली.
आत तांबं उरलंच नव्हतं फारसं,
मोरचुदासारखं हिरवं पीठ
आणि पाच-सहा तारा, एवढ्या भाराला धरून.

वडील मागावर होते, चाळीस वर्षं.
मला म्हणायचे, धोटा गेला की सगळे बघतात रे.
परत आला तर कापड.
मी त्या वेळी वायरिंग शिकायला पळालो होतो,
धोटा-बिटा काही ऐकत नव्हतो.

हातभर वायर कापली,
लखलखीत तांब्यापर्यंत.
नवा लग, दाबून, तापवून, वर ग्रीस.
बटण.
पाण्याला नाकाशी एकदम उकळी फुटली
आणि लाँचनं, एवढ्या थोराड बाईनं,
मान वळवली.

मीनाक्षीबाई काही बोलल्या नाहीत.
पुन्हा डावीकडे दाबलं. पुन्हा उजवीकडे.
बांबूवाला पोरगा बांबू घेऊन तसाच उभा,
आता याचं काय करू, अशा तोंडानं.

आठशे रुपये सांगितले.
त्यांनी हजार दिले, दोनशे परत घेईनात.
तोवर जेऊरची शेवटची गाडी गेलेली.

"पलीकडं सोडते. इंदापूरहून सोलापूरला रात्रभर गाड्या हायेत."
वारा पश्चिमेचाच होता.
मी नाकाशी बसलो, कप्प्याच्या झाकणावर,
खाली ती घरघरली की
दर वेळी
मनातल्या मनात मीटर लावत.