पाणी लागलेलं औषध

कोरडी पावडर होती तोवर कसलीच तक्रार नव्हती.
रबरी बुचाखाली, ॲल्युमिनियमच्या टोपीत
पेनिसिलिन दोन-तीन वर्षं पडून राहतं,
कुणाच्या अध्यात ना मध्यात.
मग मी सुई टोचते, पाणी सोडते आत,
बाटली तळहातांत फिरवते,
आणि घड्याळ सुरू होतं.

परगावच्या माणसाला पाणी लागतं, तसंच हे.
फक्त इथे चेहरा उतरत नाही.
सकाळी नितळ, संध्याकाळी नितळ,
फार तर उजेडाकडे धरलं तर
गवती चहा धुतल्याइतकी पिवळी शंका.

लाँगरीचच्या दवाखान्याची मी एकुलती फार्मसिस्ट.
क्लॅरी डगन, मेंढ्या कातरणारा,
त्याच्या हृदयाच्या झडपेवर जंतू बसलेत.
सहा आठवडे औषध, अखंड, थेंबाथेंबानं.
त्याला मी रबरी फुग्याचा पंप भरून दिला,
बॅटरी नाही, आवाज नाही,
फुगा आपसूक आकसतो, दंडातल्या नळीत सोडत राहतो.
क्लॅरी म्हणाला, "आई मेलेल्या कोकरांना पाजतो मी अशा बाटलीनं.
आता तुम्ही मला पाजा."

लेबलवर मी लिहिलं होतं:
पंचवीस अंशांखाली. चोवीस तास.
हे आकडे मला एका तक्त्यातून मिळाले,
तो तक्ता केला असेल कुणी
जिथे पंचवीस अंश म्हणजे उन्हाळा.

नवव्या दिवशीही ताप उतरेना.
नोएलीन, घरोघर जाणारी नर्स,
फोनवर हळूच म्हणाली,
"तो लोकर निवडायला शेडमध्ये जातो. पत्र्याचं छप्पर आहे.
पंप शर्टाच्या आत, पोटाशी बांधलेला.
थर्मामीटर नेला होता मी. चव्वेचाळीस."

फुग्यात उरलेले चार मिलिलिटर
बर्फात घालून ब्रिस्बेनला पाठवले, पाणी जोखायला.
कागद आला. एक उंच डोंगर हवा होता त्यावर.
डोंगर होता, पण खचलेला,
आणि शेजारी तीन टेकड्या, नको त्या नावांच्या.
अठ्ठावन्न टक्के.

त्या रेणूत एक चौकोन असतो,
वाकवून, दाबून बसवलेला, कायम ताणात.
जंतूची भिंत रचणारा गवंडी
ती वीट समजून उचलायला जातो, आणि त्याचा हात अडकतो.
चौकोन मोडतो तेव्हाच औषध लागू पडतं.
म्हणजे मोडायचं आहेच त्याला.
पण तिथे. त्या हातात.
क्लॅरीच्या पोटावर, लोकरीच्या ढिगाशेजारी, नुसत्या पाण्यानं नव्हे.
आणि मोडलेल्याचं आम्ल होतं,
ते आम्ल उरलेल्याला मोडायला लागतं.
(हे मला परीक्षेत आलं होतं. पूर्ण गुण मिळाले होते.)

रात्री दीडपर्यंत बसले मी
सायट्रेट मोजत, आम्लाला आवर घालायला.
चोवीसचे बारा तास केले.
म्हणजे नोएलीनला रोज आणखी नव्वद किलोमीटर.
ती काही बोलली नाही, टायरकडे पाहिलं फक्त.
जुनं लेबल खरवडलं, नखात डिंक राहिला.
नव्यावर छापील ओळीखाली हातानं लिहिलं:
बर्फाच्या पिशवीत ठेव. अंगाशी नको.
क्लॅरी, शेडमध्ये तर मुळीच नको.

तीन दिवसांनी रिकामा पंप परत आला,
गार, बाहेरून घामेजलेला.
नोएलीनच्या चिठ्ठीत: ताप सदतीस पूर्णांक सहा. बघू.
आणि माझ्या अक्षराखाली पेन्सिलीनं,
लोकरीच्या तेलाच्या डागासकट:
"शेडमध्ये नव्हतो.
दारात उभा होतो."