कारण : एक ओळ

नगरपालिकेच्या फॉर्मवर
कारणासाठी एकच ओळ सोडली आहे.
गाव : वाल द फेतु. वस्ती : नऊ.
नऊ खोडून सात केले, तिथवर हात नीट चालला.

दोना झुल्मीराच्या घराला छप्पर नाही, पायरी आहे.
तीवर आम्ही बसलोय.
कॉफी देता येत नाही म्हणून
तिने दोनदा माफी मागितली.

ठिणगी कुठली? मी विचारतो.
विजेची तार? सिगारेट? कुणी मुद्दाम?

लिही, ती म्हणते,
अडुसष्ट साली आर्मिंदो फ्रान्सला गेला.
मागोमाग त्याचे भाऊ. मग मास्तर, शाळेची घंटा घेऊन.
शेळ्यांमागे उरलो मी आणि दीर.
दीर गेला तेव्हा विकल्या,
एकशे चाळीस, एका ट्रकात, उभ्याउभ्या.
शेवटची फळीतून मागे बघत होती.
हे नको लिहूस.

त्या जे खायच्या ते नंतर कुणी खाल्लंच नाही.
झुडूप गुडघ्याला आलं, कमरेला आलं,
मग खिडकीतून आत डोकवायला लागलं.

लिस्बनहून कागद-कारखान्याचा माणूस आला, टाय लावून.
म्हणाला, निलगिरी म्हणजे बँकेतली ठेव,
तोडा, पुन्हा आपोआप फुटते.
ओहोळापर्यंत लावली आम्ही.
ओहोळ आटला
तर चिखल गेला म्हणून बरंच वाटलं.

बाई, ओळ एकच आहे, मी म्हणतो.

दुपारी वारा फिरला.
निलगिरीच्या सालींचे जळते पट्टे
दरी ओलांडून गेले, पाखरांसारखे म्हणणार होतो,
पण पाखरं तोवर खाली पडत होती.
कासिमीरोच्या गाडीच्या चाकांचं अॅल्युमिनियम
उतारावरून ओघळून थिजलंय,
आत्ता माझ्या बुटाशी.
त्याच्या मधमाश्यांच्या बावीस पेट्या :
बावीस चौकोन, राखेतही एका रांगेत.

वरच्या अंगाला बुचाची झाडं.
ज्या साली साल काढली
त्या सालाचा आकडा प्रत्येकावर, पांढऱ्या रंगात.
आठ वर्षांची साल अंगावर होती ती
काळी पडली, पण आत ओल आहे, नखाने दाखवते ती.
गेल्या उन्हाळ्यात सोललेली
उघडीच होती.
मीच विकली साल, म्हणते, दात बसवायचे होते.
आणि ओठ मिटून घेते.

आता पाऊस येईल तर डोंगरच खाली येईल,
धरायला मुळं कुठायत?
विहिरीचं पाणी आधीच कडू.

मी लिहितो : अज्ञात.
वाच, म्हणते.
वाचतो.
ओळखते मी त्याला, म्हणते,

आणि गुडघ्यावर हात टेकत उठते.
जळक्या बुंध्यांना तीन आठवड्यांतच
निळसर कोंब आलेत, निलगिरीचेच, सगळ्यांच्या आधी.
एक उपटते, बोटं हुंगते,
पुढच्याकडे सरकते.